गोळी पोटाची, थरथर हाताची

पेन्शनच्या खात्यातून पैसे काढायला गेलेल्या आजोबांची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळत नाही, इथून पुष्कळदा ही गोष्ट सुरू होते. सहीची सुरुवात ठीक असते, पुढे अक्षरं आक्रसत जातात. मग घरातले एकेक सांगू लागतात. हल्ली चालताना पाय घासतात, कुशीवर वळायला हात द्यावा लागतो, शर्टाची बटणं लावता लावता चहा गार होतो, चेहरा पूर्वीसारखा हसरा नाही. कुणीतरी म्हणतं, कंपवात. कंपवाताच्या गोळ्या सुरू होतात आणि गुण मात्र येत नाही. शेवटी एखादा अनुभवी न्यूरॉलॉजिस्ट सांगतो, "घरात जेवढी औषधं आहेत तेवढी सगळी घेऊन या." पिशवी टेबलावर रिकामी होते. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची, कॅल्शियमची, आणि त्यांच्यातच वर्षभर रोज सकाळी उपाशीपोटी घेतलेली अ‍ॅसिडिटीची. तिच्या स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं: लेव्होसल्पिराइड.

गोळी पोटाचीच असते, यात खोटं काही नाही. तिच्यातला अ‍ॅसिड कमी करणारा घटक, म्हणजे रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल, डोपामिनच्या वाटेला जात नाही. जोडीला घातलेलं लेव्होसल्पिराइड मात्र मूळचं मनोविकारावरच्या औषधांच्या घराण्यातलं. ते डोपामिनला अडवतं. पोटात अडवतं म्हणून अन्न पुढे सरकतं आणि मळमळ थांबते. मेंदूत अडवतं म्हणून हातपाय अडखळतात. औषधांमुळे उद्भवणारा कंपवातासारखा विकार हा खऱ्या कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या, खालोखाल आढळतो, आणि वेळेवर ओळखला तर तो बहुतेकदा बरा होतो. एवढं असूनही तो ओळखायचा राहतो, कारण पोटाच्या गोळीवर कुणाचा संशयच जात नाही.

डोपामिनला अलीकडे 'आनंदाचं रसायन' म्हणून बरीच प्रसिद्धी मिळाली आहे. मोबाइल, मिठाई, प्रेम, सगळ्याचं खापर त्याच्यावर फुटतं. प्रत्यक्षात आनंद हे त्याच्या अनेक कामांपैकी एक, आणि तेही सांगतात तितकं सरळ नाही. मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना काळसर रंगाचा एकेक पट्टा असतो. तिथल्या पेशी आपले लांब धागे मेंदूच्या आतल्या 'स्ट्रायेटम' या भागापर्यंत पाठवतात आणि तिथे डोपामिन सोडतात. कुठली हालचाल सुरू करायची, कुठली दाबून ठेवायची, हे त्यावर ठरतं. दुसऱ्या काही पेशींचे धागे भावना आणि विचारांच्या भागांत जातात. तिथल्या डोपामिनचा अतिरेक भास आणि भ्रमांशी जोडलेला आहे. पीयूषिका ग्रंथीत डोपामिन प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आटोक्यात ठेवतं, म्हणून ही औषधं घेणाऱ्या काही बायकांची पाळी लांबते, क्वचित बाळ नसताना दूध येतं. आणि मेंदूच्या बुडाशी असलेल्या उलटीच्या केंद्रातही डोपामिनच निरोप पोहोचवतं.

पोटात गेलेल्या औषधाला यातलं एकच ठिकाण निवडता येत नाही. उलटीचं केंद्र तेवढं रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्याच्या बाहेर आहे, त्यामुळे जे औषध हा पडदा फारसा ओलांडत नाही ते हातापायांना सहसा धक्का न लावता उलटी थांबवू शकतं. डोमपेरिडोन तसं आहे. त्याची काळजी घ्यावी लागते ती हृदयाच्या ठोक्यांपायी. मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन आणि लेव्होसल्पिराइड मात्र पडद्याच्या आत शिरतात.

हे ज्ञान आलं ते दोन वाटांनी, आणि त्यातली एक वाट मुंबईवरून जाते.

पहिली वाट फ्रान्सची. रोन-पूलँक कंपनीत पॉल शार्पांतिए यांनी डिसेंबर १९५०मध्ये क्लोरप्रोमाझिन तयार केलं. नौदलातले शल्यविशारद आँरी लाबोरी ते शस्त्रक्रियेच्या रुग्णांना देऊ लागले, तेव्हा रुग्ण जागा असूनही आजूबाजूच्या गोष्टींबद्दल बेफिकीर होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १९५२मध्ये पॅरिसच्या सँत-आन रुग्णालयात झाँ दले आणि पिएर देनिकेर यांनी ते मनोरुग्णांना दिलं, आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं शांत होऊन बोलू लागली. दुसरी वाट सर्पगंधेची. वेडावरचं औषध म्हणून ही मुळी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या विकली जात होती. उत्तरेत तिला 'पागल की दवा' असंच म्हणत. १९३१मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवरचा परिणाम वैद्यकीय नियतकालिकात मांडला. पण जगाचं लक्ष गेलं ते मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा काय परिणाम होतो, याचा त्यांचा लेख १९४९मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने त्या मुळीतून रेसरपिन वेगळं काढलं, आणि १९५४मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड रुग्णालयात नेथन क्लाइन ते स्किझोफ्रेनियासाठी वापरू लागले. १९५७चा लास्कर पुरस्कार वकील, क्लाइन, लाबोरी आणि देनिकेर यांच्यासह सहा जणांना मिळाला.

कौतुक चालू असतानाच गडबड दिसू लागली होती. लोझानचे मनोविकारतज्ज्ञ हान्स श्टेक यांनी १९५४मध्येच नोंदवलं की, क्लोरप्रोमाझिन घेणारे आणि रेसरपिन घेणारे, दोन्ही रुग्ण कंपवात झाल्यासारखे ताठ आणि मंद होतात. रासायनिकदृष्ट्या या दोन औषधांचं एकमेकांशी काहीच नातं नव्हतं, मग परिणाम सारखा कसा? उत्तर स्वीडनमधून आलं. लुंडच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७मध्ये सशांना रेसरपिन टोचलं. ससे कान पाडून, डोळे अर्धवट मिटून निपचित बसले. मग त्यांना लेव्होडोपा दिलं, म्हणजे ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं तो पदार्थ. पंधरा-एक मिनिटांत ससे कान टवकारून हिंडू लागले. रेसरपिन मेंदूपेशींतला डोपामिनचा साठाच रिकामा करतं, हे पुढे स्पष्ट झालं. १९६३मध्ये कार्लसन यांनी दाखवलं की, क्लोरप्रोमाझिन आणि मनोविकारावरचंच हॅलोपेरिडॉल साठ्याला हात लावत नाहीत. ती डोपामिन जिथे जाऊन बसतं ती ग्राही स्थानं, म्हणजे रिसेप्टर, अडवतात. साठा संपवा किंवा स्थानं अडवा, शरीर ताठणारच.

खऱ्या पार्किन्सन्समध्ये डोपामिन कमी पडतं, या शोधाला आणि पुढे लेव्होडोपाच्या उपचाराला याच सशांनी दिशा दिली. एका औषधाच्या दुष्परिणामाने दुसऱ्या आजाराचा इलाज दाखवून दिल्याची उदाहरणं वैद्यकात फार नाहीत. कार्लसन यांना २०००चं नोबेल मिळालं.

मनोविकारतज्ज्ञांनी मात्र या ताठरपणाचा काही काळ भलताच अर्थ लावला. औषध लागू पडायचं तर शरीर थोडं ताठायलाच हवं, असा समज रूढ झाला. जर्मनीत हान्स-योआखिम हासे यांनी तर डोस ठरवायला हस्ताक्षराची परीक्षा काढली. रुग्णाकडून रोज मजकूर लिहून घ्यायचा आणि अक्षर किंचित बारीक होईपर्यंत औषध वाढवत न्यायचं. कल्पना हुशारीची होती, कारण अक्षर आक्रसणं ही मेंदूतल्या डोपामिनची अगदी नाजूक खूण आहे. पण ताठरपणा हा उपचाराचाच भाग, हा समज टिकला नाही. क्लोझापिन हे औषध शरीर जवळजवळ न ताठवता मन सावरतं, हे दिसल्यावर तो मोडलाच. पुढे मेंदूतली किती ग्राही स्थानं अडली आहेत हे पेट स्कॅनवर मोजता येऊ लागलं. टोरांटोत शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी नुकताच आजार सुरू झालेल्या २२ रुग्णांना हॅलोपेरिडॉल देऊन २०००मध्ये जे आकडे मांडले, ते आजही शिकवले जातात. साधारण ६५ टक्के स्थानं अडली की आजारात फरक पडतो, ७२ टक्क्यांच्या पुढे प्रोलॅक्टिन वाढतं आणि ७८ टक्क्यांच्या पुढे हालचाली बिघडतात. गुण आणि त्रास यांच्यात इतकी अरुंद पट्टी आहे. डोस थोडा चढला की पाऊल पलीकडे पडतं.

त्रासाची रूपं अनेक, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी.

सगळ्यांत आधी येतो तो डिस्टोनिया, काही तासांत ते दोन-चार दिवसांत. तो बहुधा तरुणांना गाठतो. कॉलेजातल्या मुलीला उलट्या होतात, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन मिळतं, आणि संध्याकाळी तिची मान एका बाजूला पिळली जाते. डोळे वर जाऊन तिथेच अडकतात, जबडा आवळतो, जीभ बाहेर येते, बोलता येत नाही. शुद्ध मात्र पूर्ण जागी, आपल्याला काय होतंय ते तिला सगळं कळत असतं. घरात कुणी 'बाहेरचं काहीतरी' म्हणतं, कुणी लिंबू उतरवतं, कुणी धनुर्वाताच्या भीतीने रिक्षा बोलावतं. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने एकच प्रश्न विचारला, "आज कुठलं औषध घेतलंस?", तर काम होतं. प्रोमेथाझिनचं एक इंजेक्शन दिलं की बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत मान सरळ होते. गंमत अशी की, हे प्रोमेथाझिन म्हणजे क्लोरप्रोमाझिनचं थोरलं भावंडच. ज्या कुळाने त्रास दिला त्याच कुळातलं औषध तो उतरवतं. प्रश्न विचारला गेला नाही तर मुलीच्या केसपेपरवर 'हिस्टेरिया' लिहिलं जातं. असं पूर्वी सर्रास घडे, आजही घडतं.

दुसरं रूप अकॅथिसियाचं, आणि ते सगळ्यांत फसवं. माणसाला बसवत नाही. खुर्चीत पाय हलत राहतात, उठून फेऱ्या, पुन्हा बसणं, पुन्हा उठणं. आतून कुणी ढकलत असल्यासारखी तगमग. मनोरुग्णाला असं झालं की नातेवाइकांना आणि कधी डॉक्टरांनाही वाटतं, आजार उसळला. मग डोस वाढवतात. डोस वाढला की तगमग वाढते. या अवस्थेत जीव द्यावासा वाटल्याच्याही नोंदी आहेत. डोस उतरवणं हा पहिला उपाय, आणि प्रोप्रानोलोलसारख्या साध्या औषधानेही बऱ्याच जणांना उतार पडतो. पण आधी कुणाच्या तरी मनात यायला हवं की, हा आजार नाही, गोळी आहे.

कंपवातासारखा ताठरपणा यायला आठवडे लागतात, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत तो दिसतो. पार्किन्सन्स साधारणपणे एका बाजूने सुरू होतो; औषधाने आलेला पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारखा असतो. पण हा नियम पक्का नाही, थरथरही दोन्हींत असू शकते. निदान अडलं तर डोपामिनच्या पेशी शाबूत आहेत का हे दाखवणारे स्कॅन आता मोठ्या शहरांत होतात. औषध बंद केल्यावर बहुतेक जण काही आठवड्यांत ते सहा महिन्यांत मोकळे होतात. काहींचा विकार मात्र राहतो. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांमध्ये खरा पार्किन्सन्स आधीच दबा धरून बसलेला असतो आणि औषधाने तो फक्त लवकर उघडा पाडलेला असतो.

शेवटचं रूप उशिरा येतं आणि पुष्कळदा जात नाही, ते टार्डिव्ह डिस्किनेसिया. जर्मनीत श्योनेकर यांनी १९५७मध्येच, म्हणजे लास्कर पुरस्काराच्याच वर्षी, क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांच्या तोंडाच्या विचित्र हालचाली नोंदवल्या होत्या. तोंडात पान नसताना पान चघळल्यासारखं तोंड चालत राहतं. ओठ मुडपले जातात, फुगतात, जीभ सटकन बाहेर येऊन आत जाते, कधी बोटं पेटी वाजवल्यासारखी हलतात. घरचे आधी कवळीला दोष देतात, दंतवैद्याकडे दोन खेपाही होतात. रुग्णाला स्वतःला पुष्कळदा पत्ताच नसतो. लग्नाचा व्हिडिओ पाहताना तो दचकतो. झोपेत सगळं थांबतं.

याचं एक स्पष्टीकरण असं: वर्षानुवर्षं अडवून ठेवलेली ग्राही स्थानं जास्त संवेदनशील होतात, आणि थोड्याशा डोपामिननेही मेंदू नको त्या हालचाली सोडू लागतो. ते पुरतं सिद्ध झालेलं नाही. पण त्यामुळे एक उलटं कोडं उलगडतं. औषध अचानक बंद केलं तर हालचाली वाढतात आणि डोस वाढवला तर त्या काही काळ झाकल्या जातात. म्हणून 'गोळी वाढवली, बरं वाटलं' यावर इथे विसंबता येत नाही. जुन्या औषधांवर असलेल्या प्रौढांमध्ये हा विकार दर वर्षी साधारण पाच टक्क्यांना नव्याने होतो. उतारवयातल्यांमध्ये पहिल्या वर्षातच हे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास जातं. नव्या औषधांनी ते कमी झालं, संपलं नाही. उपचारात गमतीचा भाग असा की, २०१७मध्ये अमेरिकेत मान्य झालेली व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन ही औषधं, तसंच त्यांचं जुनं भावंड टेट्राबेनाझिन, पेशीत डोपामिन साठवणाऱ्या त्याच प्रथिनाला रोखतात ज्याला सर्पगंधेतलं रेसरपिन रोखतं. फरक इतकाच की रेसरपिनची पकड सुटत नाही आणि यांची सुटते. ताठरपणासाठी सर्रास दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलची गोळी मात्र इथे उपयोगाची नाही, उलट त्रास वाढवू शकते, आणि म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती तिने आणखी गढूळ होते ती वेगळीच.

या औषधांवर असताना ताप, अंग लाकडासारखं ताठणं आणि शुद्ध हरपणं एकत्र आलं तर तो पाचवा, जिवावरचा प्रकार समजून त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. तिथे घरगुती विचारविनिमयाला जागा नाही.

मनोविकारावरची औषधं देणारा डॉक्टर या त्रासांवर निदान नजर तरी ठेवतो. खरी पंचाईत आहे ती पोटाच्या आणि चक्करच्या गोळ्यांची. मेटोक्लोप्रमाइड जास्त काळ घेतल्यास कायमचा विकार होऊ शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९मध्ये छापायला लावला आणि बारा आठवड्यांची मर्यादा घातली. युरोपच्या औषध संस्थेने २०१३मध्ये ती पाच दिवसांवर आणली. चक्करसाठी दिलं जाणारं प्रोक्लोरपेराझिन हे तर क्लोरप्रोमाझिनचंच सख्खं. सिनारिझिन आणि अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन कागदोपत्री कॅल्शियमशी संबंधित, पण डोपामिनलाही अडवतात. १९८०च्या दशकात स्पेन, ब्राझील आणि अर्जेंटिनातून त्यांच्यामुळे झालेल्या कंपवाताच्या नोंदी आल्या. आपल्याकडे ही सगळी चिठ्ठीवरची औषधं आहेत. पण चिठ्ठी एकदा मिळाली की ती वर्षभर चालते. शेजारच्या काकूंना गुण आला म्हणून आणखी दोघी तीच गोळी आणतात, मेडिकलवाला देतो, आणि दोन आठवड्यांसाठी लिहिलेली गोळी दोन वर्षं घरात नांदते.

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला हे औषध त्याचं आयुष्य परत देत असेल, तर हालचालींचा धोका पत्करून, डोस जपून, दर काही महिन्यांनी तोंड, जीभ, बोटं तपासून ते चालू ठेवणं हा शहाणपणाचा सौदा आहे. त्याने हा लेख वाचून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आजार उलटण्याचा धोका ताठरपणाहून मोठा आहे, आणि बदल करायचा तो डॉक्टरला विचारून, हळूहळू. पण सत्तरीच्या माणसाने नुसत्या ढेकरांसाठी महिनोन्‌महिने मेंदूतलं डोपामिन अडवून घ्यावं, हा सौदा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

स्ट्रिपवरचं मोठं नाव पाहून फार कळत नाही. नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर बहुधा डोमपेरिडोन असतं, 'एल' असेल तर पुष्कळदा लेव्होसल्पिराइड. पण नावावर न जाता खालचे घटक वाचावेत, आणि ही गोळी किती दिवस घ्यायची ते चिठ्ठीवर लिहून मागावं. घरातल्या वडीलधाऱ्यांची चाल मंदावली, तोंड आपोआप चालू लागलं, तर गेल्या सहा महिन्यांत घेतलेली प्रत्येक गोळी डॉक्टरला दाखवावी, पोटाची आणि चक्करची आधी. औषधाचा त्रास झाल्याचं सामान्य नागरिकालाही सरकारला कळवता येतं. त्यासाठी २०१०पासून भारताचा फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे, त्याचं काम गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून चालतं आणि निःशुल्क क्रमांक १८०० १८० ३०२४ असा आहे. तक्रार नोंदवायला खात्री लागत नाही, संशय पुरतो.